मजुरीचे माप

(सुवर्ण महोत्सवानिमित्त पिंपळगाव राजा येथे दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



या व्याख्यानासाठी संयोजकांनी मला विषय विचारला, तेव्हा ‘कामाच्या ठिकाणी समानता आणि न्याय्य वागणूक’ असे मी सुचविले. हा विषय कारखान्यांच्या शहरात अधिक शोभेल, अशी सौम्य शंका त्यांनी बोलून दाखविली. शंका स्वाभाविक आहे. आपल्या गावात भोंगा वाजत नाही की पाळी बदलत नाही. परंतु जेथे एक मनुष्य दुसऱ्याला कामाला बोलावतो आणि सायंकाळी त्याच्या हातावर पैसे ठेवतो, ते प्रत्येक स्थळ कामाचेच ठिकाण होय. शेताचा बांध, अडतीचे दुकान, गोदाम, खामगावच्या जिनिंगचे आवार, एवढेच नव्हे तर ज्या वास्तूत आपण बसलो आहोत ती वास्तूसुद्धा. येथे बसलेल्यांपैकी बहुतेक जण कोणाचे ना कोणाचे मालक आहेत, आणि पुष्कळ जण कोणाचे तरी नोकरही आहेत. तेव्हा विषय परगावचा नाही.

व्यापारी समाजाशी बोलावयाचे तर तराजूच्या भाषेत बोलणे सोयीचे. आपला वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा १८७० साली आला, तो मुख्यतः कापसासाठी. कापूस आला तसे दलाल आले, अडते आले, मापाडी आले आणि मापात पापही आले. शेतकऱ्याची गाडी अडवून कटाईच्या नावाखाली काही शेर वगळणे, वजनकाट्याला बोट लावणे, भाव एक सांगून पट्टी दुसरीच लिहिणे, हे प्रकार सर्वत्र होते. त्यांवर उपाय म्हणून १८९७ साली वऱ्हाडात कापूस व धान्य बाजारासाठी स्वतंत्र कायदा झाला. शेतमालाच्या नियंत्रित बाजाराची देशातील ही अगदी आरंभीची व्यवस्था. पुढे १९२८ च्या शाही कृषी आयोगानेही तिची दखल घेतली. या व्यवस्थेचे मर्म काय होते? व्यापाऱ्याला तिने ‘तू दयाळू हो’ असा उपदेश केला नाही. जागा ठरवून दिली, तोलणारा ठरवून दिला, वजन ठरवून दिले आणि आकार कोणता घ्यावयाचा तेही ठरवून दिले. ज्याच्या घरी धर्म होता त्याला या नियमांचा जाच झाला नाही. ज्याच्या घरी नव्हता त्याच्यावर लक्ष ठेवता आले.

माझे आजचे सांगणे एवढेच आहे की, मालाच्या बाबतीत शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आपण जे मान्य केले, ते श्रमाच्या बाबतीत मान्य करावयास आपण अद्याप का-कू करतो. कापसाचे माप खोटे असेल तर त्याला आपण चोरी म्हणतो. मजुरीचे माप खोटे असेल तर त्याला ‘रीत’ म्हणतो.

ही रीत कशी चालते ते पाहावे. सोयाबीनच्या सोंगणीला नवरा-बायको जोडीने येतात. दोघांच्या हाती विळा सारखाच, ऊन सारखेच, ओळी शेजारी शेजारी. परंतु सायंकाळी पैसे मोजताना त्याच्या हातावर एक रक्कम पडते आणि तिच्या हातावर तिच्याहून कमी. कोणी कोणाला विचारीत नाही, कारण दर आधीच ठरलेला असतो: माणसांचा एक आणि बायांचा एक. (बाया माणसांत मोडत नाहीत, हे आपल्या बोलीने परस्पर ठरवूनच टाकले आहे.) आता गंमत अशी की, तीच सोंगणी एकराच्या हिशेबाने उक्ती दिली की हा भेद नाहीसा होतो. कापसाच्या वेचणीत तर तो नसतोच; तेथे किलोला भाव असतो आणि काटा हा वेचणाऱ्याचा हात पाहत नाही. म्हणजे जेथे काम तोलले जाते तेथे समानता आपोआप येते, आणि जेथे काम करणारी व्यक्ती तोलली जाते तेथे विषमता येते. ‘बाईच्याने पुरुषाइतके काम होत नाही’ हे विधान ज्यांना सिद्ध करावयाचे असेल, त्यांनी वेचणीच्या हंगामात काट्याजवळ उभे राहावे.

महाराष्ट्राने हे तत्त्व फार मोठ्या प्रमाणावर आजमावून पाहिले आहे. १९७२ च्या दुष्काळाचे स्मरण येथील वडीलधाऱ्यांना असेलच. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना त्या काळात राज्यभर पसरली, तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. शहरातील पगारदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसवून त्यातून खेड्यातील मजुराला काम द्यावयाचे, ही त्यामागील अर्थव्यवस्था. पण आजच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. या योजनेत मजुरीचे दरपत्रक कामाचे होते. किती माती खणली, किती अंतरावर टाकली, किती खडी फोडली, यावर पैसे. बाई आणि पुरुष असे दोन रकाने त्यात नव्हते. कामावर लहान मुलांना सांभाळण्याची सोय असावी, अशीही तरतूद होती. परिणाम असा झाला की, स्त्रिया फार मोठ्या संख्येने त्या कामांवर आल्या. मोजणीत घोटाळे झाले, हजेरीपटावर खोटी नावे चढली, मजुरी आठवडेच्या आठवडे रखडली, हे सर्व खरे. परंतु ‘बायांना कमी’ ही रीत म्हणजे निसर्गाचा नियम नव्हे, एवढे त्या दरपत्रकाने दाखवून दिले. पुढे २००५ साली केंद्राने रोजगार हमीचा राष्ट्रीय कायदा केला, तेव्हा महाराष्ट्राचा अनुभव डोळ्यांपुढे होताच.

कोणी म्हणेल, माती मोजता येते, पण कचेरीतील काम कसे मोजावयाचे? या प्रश्नाचे उत्तर मुंबईतील एका खटल्यात मिळाले आहे आणि ते जरा सविस्तर सांगावे असे आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन हे मार्गदर्शक तत्त्व आहे. १९७५ हे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष. त्या वर्षी सरकारने समान वेतनाचा वटहुकूम काढला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. मॅकिनन मॅकेन्झी ही जहाज व्यवसायातील जुनी, नामांकित कंपनी. तिच्या कचेरीत ऑड्री डिकॉस्टा या ‘गोपनीय महिला लघुलेखक’ या पदावर होत्या. जून १९७७ मध्ये त्यांची सेवा संपुष्टात आली. आपल्याला पुरुष लघुलेखकांपेक्षा कमी वेतन मिळत होते, सबब फरकाची रक्कम मिळावी, असा अर्ज त्यांनी केला. कंपनीचा बचाव ऐकण्यासारखा आहे. पहिला मुद्दा: महिला लघुलेखक वरिष्ठ अधिकाऱ्यांकडे गोपनीय काम करतात, पुरुष लघुलेखक सर्वसाधारण काम करतात, म्हणून काम एक नाही. दुसरा: वेतन कामगार संघटनेशी झालेल्या करारानुसार दिले आहे, संघटनेने सही केली आहे. तिसरा: इतके वेतन देणे कंपनीच्या आर्थिक स्थितीला झेपणारे नाही.

हे तीनही बचाव आपल्या परिचयाचे आहेत. अडतीच्या दुकानातही हेच बोलले जाते, फक्त भाषा साधी असते: ‘तिचं काम वेगळं आहे’, ‘ती स्वतःच कबूल झाली होती’ आणि ‘परवडत नाही’.

प्रकरण श्रम खात्यातील अधिकाऱ्यांकडून उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेले. मार्च १९८७ मध्ये निकाल लागला, म्हणजे नोकरी सुटल्यानंतर जवळजवळ दहा वर्षांनी. न्यायालयाने तीनही मुद्दे फेटाळले. काम समान आहे की नाही हे पाहताना बारीकसारीक फरकांवर बोट ठेवावयाचे नाही. कामाचे स्वरूप, त्याला लागणारे कौशल्य, श्रम आणि जबाबदारी यांचा व्यापक विचार करावयाचा. कायद्याच्या विरुद्ध जाणारा करार संघटनेने केला तरी तो मालकाच्या बचावास येत नाही. आणि परवडत नाही म्हणून समान वेतन नाकारता येत नाही. यातील शेवटचा मुद्दा व्यापाऱ्याला सर्वांत कडू वाटेल. पण विचार करा, कापूस विकावयास आलेल्या शेतकऱ्याला ‘मला परवडत नाही म्हणून मणामागे दोन शेर कमी धरतो’ असे आपण सांगू शकतो काय? भाव कमी सांगता येईल. माप कमी धरता येणार नाही. मजुरी कोणती द्यावयाची याबाबत घासाघीस होऊ शकते, अर्थात किमान वेतनाच्या वर. परंतु एकदा ठरलेला दर काम करणाऱ्याच्या लिंगावरून अथवा जातीवरून बदलता येत नाही. १९७६ चा तो कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत समाविष्ट झाला आहे आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तत्त्व तेच राहिले.

जातीचा उल्लेख आला, तेव्हा तोही विषय टाळून चालणार नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी चांगली मिळे. परंतु अस्पृश्य मानलेल्या कामगारांना तेथे प्रवेश नव्हता. कारण असे की, कांडीतील सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढावे लागे आणि त्या धोट्याला दुसऱ्याचा ओठ लागलेला सवर्ण विणकरांना चालत नसे. आपला म्हणजे वऱ्हाडचा कापूस त्या गिरण्यांत जात होता, हे लक्षात ठेवा. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठामपणे ठेवला. मालकांकडून न्याय मागणाऱ्या कामगारांनी आपल्याच शेजारच्या कामगाराला न्याय नाकारावा, ही विसंगती त्यांनी उघड केली. आज धोटे बदलले, गिरण्याही राहिल्या नाहीत. पण हमालासाठी खिडकीत पालथा घातलेला निराळा पेला मी आपल्या भागात पाहिलेला आहे. तो फार जुना काळ नव्हता. दुकानाचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. ज्यांच्याकडे तो पेला असेल त्यांना खिडकी ठाऊक आहे.

आता हमालांविषयी. मालकाच्या व्याख्येतून सर्वांत सहज निसटणारा कामगार कोणता असेल तर तो हमाल. सकाळी तो एका अडत्याची गाडी रिकामी करतो, दुपारी दुसऱ्याचा ट्रक भरतो, सायंकाळी तिसऱ्याची थप्पी लावतो. पाठ दुखावली तर तिघेही म्हणतात, तो आमचा माणूस नाही. ते खोटेही बोलत नसतात. या कोड्याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ च्या माथाडी, हमाल व अन्य श्रमजीवी कामगार कायद्यात शोधले. त्यामागे मुंबईत अण्णासाहेब पाटील यांनी उभी केलेली माथाडी कामगारांची चळवळ होती आणि पुण्यात हमाल पंचायतीच्या रूपाने डॉ. बाबा आढाव यांचे काम होते. उपाय असा: कामगाराची नोंदणी मंडळाकडे, मालकाचीही नोंदणी मंडळाकडे, मालकाने मजुरी आणि तिच्यावर ठराविक लेव्ही मंडळात भरावयाची, मंडळाने ती कामगाराला द्यावयाची आणि लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, रजा, बोनस यांची व्यवस्था करावयाची. अनेक मालकांचा मिळून एक मालक निर्माण करणे, ही कल्पना मला अजूनही विलक्षण वाटते. हा कायदा सर्व बाजारांत सारखा पोहोचला नाही. मंडळांच्या नावावर काही ठिकाणी दांडगाई होते, अशी व्यापाऱ्यांची तक्रार असते आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पण तक्रार व्यवस्थेच्या दुरुपयोगाविरुद्ध असावी. पाठीवर ओझे वाहणाऱ्याला म्हातारपणी काही मिळू नये, असा तिचा अर्थ होता कामा नये.

ओझ्याचेच पाहा. पूर्वी आपल्याकडे १०० किलोंचे पोते सर्रास असे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंच्या मर्यादेची शिफारस केली. ५० किलोंचे पोते ही आपल्याकडील हमाल संघटनांची जुनी मागणी, आणि आता अनेक मालांना तेच पोते वापरले जाते. बैलाच्या खांद्याची काळजी शेतकरी करतो, कारण बैल विकत घ्यावा लागतो.

येथे आपल्या परंपरेतील एका गोष्टीचे स्मरण करून देतो. विस्तार करण्याचा अधिकार माझा नाही. तो मुनिराजांचा व पंडितांचा. तत्त्वार्थसूत्र हा सर्व जैन परंपरांना मान्य असलेला ग्रंथ. त्यात श्रावकाच्या व्रतांचे अतिचार सांगितले आहेत. अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत बांधणे, मारणे, अवयव छेदणे यांच्याबरोबरच अतिभारारोपण आहे आणि अन्नपाननिरोध आहे. कुवतीबाहेरचे ओझे लादणे आणि अन्नपाण्यावाचून ठेवणे. अचौर्याणुव्रताच्या अतिचारांत हीनाधिकमानोन्मान आहे, म्हणजे घेताना जड आणि देताना हलके माप. प्रवचनात आपण हे शब्द ऐकतो तेव्हा डोळ्यांपुढे मुके जनावर आणि वाण्याचा तराजू उभा राहतो. माझी विनंती अशी की, अतिभारारोपण ऐकताना हमालाचे पोते आठवावे. अन्नपाननिरोध ऐकताना महिन्याच्या वीस तारखेपर्यंत अडकवून ठेवलेला मुनीमजींचा पगार आठवावा. आणि हीनाधिकमानोन्मान ऐकताना ‘बायांचा दर’ आठवावा.

पगाराच्या तारखेला काय एवढे महत्त्व, असे वाटणे शक्य आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा घेऊन जे निवेदन तयार केले, त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि अपघातात जखमी झालेल्यास साहाय्य या मागण्यांबरोबर आणखी एक मागणी होती: मागील महिन्याचे वेतन पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावे. म्हणजे १५ तारखेपर्यंतसुद्धा ते मिळत नव्हते. रविवारच्या सुट्टीसाठी १८९० पर्यंत थांबावे लागले. पुढे १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने लहान आस्थापनांसाठी सात तारीख ठरवली. आजच्या वेतन संहितेत मासिक वेतनासाठी सात तारीखच आहे. रोजंदारीचे पैसे त्याच दिवशी काम संपताच, आणि काम सोडणाऱ्याचे दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावयाचे आहेत. पैसे दिले की नाही असा वाद उद्भवल्यास, ते दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर आहे. तेव्हा पावती घेणे मालकाच्याच हिताचे.

भगिनींच्या सुरक्षिततेविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यात वाद घालण्यासारखे काही नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये विशाखा निकाल दिला आणि २०१३ मध्ये कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध कायदा झाला. जेथे दहा किंवा अधिक कामगार आहेत तेथे अंतर्गत समिती हवी. जेथे दहापेक्षा कमी आहेत, तेथील स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करू शकते. घरकाम करणाऱ्या स्त्रीलाही हे संरक्षण आहे. आपल्या संस्थेच्या फलकावर या समितीचा पत्ता लावण्यास कोणाची हरकत नसावी.

शेवटी आपल्या न्यासाविषयी बोलण्याची अनुमती घेतो. पन्नास वर्षांत या संस्थेने जे उभे केले ते आपण सर्व जाणताच. त्याचा गौरव या स्मरणिकेच्या इतर पृष्ठांवर आहे. पण कोणतीही धार्मिक संस्था चालते ती केवळ देणगीवर नव्हे. पूजेची व्यवस्था पाहणारा, भोजनशाळेत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रिया, झाडलोट करणारी, रात्रीचा पहारेकरी, पाठशाळेत शिकविणाऱ्या भगिनी, यांच्यावर ती चालते. यांना आपण जे देतो त्याला वेतन म्हणत नाही, ‘मानधन’ म्हणतो. आणि ते करतात त्याला नोकरी म्हणत नाही, ‘सेवा’ म्हणतो. शब्द उदात्त आहेत. पण उदात्त शब्दाआड रक्कम लहान होत जाते, हा अनुभव आहे. अंगणवाडी सेविकांना मिळणारी रक्कम मानधन आहे, वेतन नव्हे, म्हणून ग्रॅच्युइटी लागू होत नाही, असा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयापुढे झाला होता. एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयाने तो मान्य केला नाही. नाव काहीही द्या, काम हे काम आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे एक सूचना ठेवतो. एक्कावन्नाव्या वर्षाच्या पहिल्या सभेत हजेरीपट आणि पगारपत्रक पटलावर घ्यावे. प्रत्येक कामापुढे त्या कामाचा दर लिहावा, नाव नंतर. भोजनशाळेत पुरुष आचाऱ्याला काय मिळते आणि त्याच्याच चुलीशेजारी तेवढाच वेळ उभ्या राहणाऱ्या बाईला काय मिळते, ते एका ओळीत पाहावे. साप्ताहिक सुट्टी कोणाला आहे, कोणाला नाही, हेही त्याच कागदावर यावे. पर्युषणाच्या दिवसांत काम वाढते. त्या वाढीव तासांचा रकाना आजवर नसेल तर तो घालावा. सात तारीख ठरवावी. जो फरक निघेल तो एका वर्षात भरून काढणे निधीला जड जाईल, असे कोषाध्यक्षांना वाटल्यास दोन वर्षे घ्यावीत, पण तसा ठराव लेखी असावा आणि ज्यांच्याविषयी तो आहे त्यांना वाचून दाखवावा. या कामासाठी हिशेब तपासनीसाची गरज लागणार नाही. आपल्यापैकी अर्धे सभासद रोज संध्याकाळी वही मिटविल्याशिवाय जेवत नाहीत.

 मागे उभे राहून ज्यांनी चहापाण्याची व्यवस्था पाहिली, त्यांना विनंती की त्यांनीही आता पुढे येऊन बसावे. प्रश्नोत्तरांचा भाग अजून व्हावयाचा आहे, आणि पहिला प्रश्न त्यांचा असेल तर मला अधिक आवडेल.